जेठात येणारा वास

२४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ‘पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५’ अधिसूचित केले. जमिनीत आणि भूजलात मुरलेल्या रासायनिक प्रदूषणाचा शोध कोणी घ्यायचा, तपास कोणी करायचा आणि शुद्धीकरणाचा खर्च कोणी सोसायचा, याची रीतसर कार्यपद्धती देशाला या नियमांमुळे प्रथमच मिळाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशात १०३ दूषित स्थळे निश्चित केली असून, त्यांपैकी अवघ्या ७ ठिकाणी प्रत्यक्ष शुद्धीकरण सुरू झाल्याचे त्या वेळच्या बातम्यांत नमूद होते.

ही बातमी वाचताना मला अवधातील एका कसब्यातला हातपंप आठवला. तो या १०३ च्या यादीत नसणार. पेट्रोल पंपाच्या मागच्या भिंतीपासून पस्तीस मीटरवर असलेला एका घराचा हातपंप कोणत्या राष्ट्रीय यादीत जातो? पण भूजलाच्या तपासाविषयी मला जे काही थोडेफार कळते, ते मी त्या हातपंपापाशी शिकले, आणि तेही स्वतःच्या चुकीतून. ती चूक आज इथे सविस्तर लिहिते आहे. या विषयाचे विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांना ती उपयोगी पडावी.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडची विहीर म्हणजे काळ्या कातळात खोल उतरत गेलेला चौकोन. उन्हाळ्यात तळाशी दिसणारी पाण्याची झिरपी एखाद्या भेगेतून यायची. भूशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी लखनौमधील एका छोट्या सल्लागार संस्थेत रुजू झाले, तेव्हा तिथली जमीन पाहून चकित झाले होते. घाघरा आणि गोमती यांच्या मधल्या त्या प्रदेशात कितीही खोदले तरी दगड म्हणून लागत नाही. गाळ, वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू. पाणी हाताच्या अंतरावर. घरोघरी बारा-पंधरा मीटर खोलीचा ‘देशी नल’, आणि मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर अधिक खोलीचा सरकारी ‘इंडिया मार्का’.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, भाद्रपदात, आमच्याकडे एक काम आले. कसब्यातील पेट्रोल पंपाच्या मागे राहणाऱ्या एका कुटुंबाने तहसील कार्यालयात तक्रार केली होती, की नळाच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो. पंपाच्या डीलरला पाणी तपासून अहवाल सादर करण्यास सांगण्यात आले होते. मी एकटीच गेले. घरातल्या वृद्ध अम्मांनी नळ हापसून दिला. मी पाणी हुंगले. वास आला नाही. अम्मा म्हणाल्या, “बिटिया, जेठ में महकत है. सावन-भादों में नाहीं.”

माझ्या हातात छापील तक्ता होता. त्यात तापमान, सामू, विद्युतवाहकता, रंग, वास असे रकाने होते. ‘वास’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिले. अम्मांच्या वाक्यासाठी तक्त्यात जागा नव्हती, म्हणून ते मी लिहिले नाही.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली तीन-चतुर्थांश भरली, झाकण लावले आणि पिशवीत टाकली. आणखी दोन गावांची कामे उरकून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती प्रयोगशाळेत पोहोचली. चाचणी मागवली ती ‘तेल आणि ग्रीस’ची, कारण पेट्रोल हे तेलच, असे मला वाटले. निष्कर्ष आला: निर्धारण मर्यादेपेक्षा कमी. मी अहवालात दोन वाक्ये लिहिली. पहिले, नमुन्यात तेल व ग्रीस आढळले नाही. दुसरे, पाणी घरगुती वापरास योग्य आहे.

पहिले वाक्य प्रयोगशाळेचे होते. दुसरे माझे होते, आणि ते लिहिण्याचा मला काहीही अधिकार नव्हता.

पुढच्या जेठात, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी, अम्मांच्या नातवाचा फोन आला. तो इंटरला शिकत होता. “दीदी, फिर महक आ रही है,” तो म्हणाला. थोडे थांबून पुढे म्हणाला, “आपने तो लिखा था कि ठीक है.” तक्रारीनंतर ते कुटुंब कोपऱ्यावरच्या सरकारी नळाचे पाणी भरत होते. माझा अहवाल आल्यावर त्यांनी ते बंद केले. शिकल्यासवरलेल्या मुलीने कागदावर शिक्का मारून लिहून दिले आहे, मग एवढ्या लांबून पाणी वाहून का आणायचे? घरात दोन लहान मुले होती. आठ महिने सर्वांनी तेच पाणी प्यायले होते.

त्या रात्री मी प्रथमच पुस्तके उघडून माझ्या अहवालाची उलटतपासणी केली. आपणही माझ्याबरोबर ती करावी.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. भूमिगत टाकीतून किंवा नळीच्या सांध्यातून ते झिरपले, की प्रथम मातीच्या कोरड्या थरातून सरळ खाली जाते. वाटेतल्या कणांना थोडे थोडे चिकटून राहते. आणि भूजलपातळीशी पोहोचले, की पाण्यावर तरंगत आडवे पसरते. या तरंगत्या थरातून त्याचे काही घटक हळूहळू पाण्यात विरघळतात. त्यांत बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन हे चौघे प्रमुख. पैकी बेंझीन हे माणसात कर्करोग, विशेषतः रक्ताचा कर्करोग, घडवणारे म्हणून निःसंदिग्धपणे ओळखले जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम.

हा आकडा किती लहान आहे, हे एका साध्या गणिताने कळते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनात सुमारे ८.८ ग्रॅम. हे सारे बेंझीन पाण्यात उतरले, तर सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचवण्यास ते पुरेसे आहे. एक लिटर पेट्रोल म्हणजे स्कूटरच्या टाकीतला तळ.

दुसरे गणित विद्राव्यतेचे. शुद्ध बेंझीन २५ अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे १.८ ग्रॅम विरघळते. पेट्रोलमध्ये ते शंभरात एक या प्रमाणात असल्याने, पेट्रोलच्या थराला टेकलेल्या पाण्यात त्याच्या साधारण शंभराव्या भागाइतके, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम उतरू शकते. मार्गदर्शक मूल्याच्या १८०० पट. म्हणून हातपंपातून तेलाचा तवंग यावा अशी वाट पाहणे निरर्थक असते. अम्मांच्या नळाची जाळी बारा मीटरवर होती आणि पेट्रोल तरंगत होते ते त्याहून बरेच वर, भूजलपातळीवर. नळातून तवंग कधीच येणार नव्हता. येणार होते ते स्वच्छ, पारदर्शक आणि आत बेंझीन विरघळलेले पाणी.

आता माझ्या तीन चुका.

पहिली चूक बाटलीची. हे चारही घटक बाष्पनशील आहेत. बाटलीत हवेची जागा उरली, की ते पाण्यातून त्या हवेत जातात, आणि झाकण उघडताच निघून जातात. काही भाग प्लास्टिकमध्येही शोषला जातो. योग्य पद्धत अशी, की ४० मिलिलिटरची काचेची कुपी तोंडापर्यंत, एकही बुडबुडा न राहता भरायची. सूक्ष्मजीवांनी वाटेत बेंझीन खाऊन टाकू नये म्हणून त्यात आम्लाचे थेंब घालायचे. आणि ती ४ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारावी. बुडबुडा दिसला तर नमुना फेकून पुन्हा भरावा.

दुसरी चूक चाचणीची. ‘तेल आणि ग्रीस’ या चाचणीत द्रावकाने तेलकट अंश वेगळा काढतात, मग उष्णता देऊन द्रावक उडवून लावतात आणि मागे उरलेल्या अवशेषाचे वजन करतात. वंगण किंवा स्वयंपाकाच्या तेलासाठी ही चाचणी ठीक आहे. पण पेट्रोलचे हलके घटक द्रावकाबरोबरच उडून जातात. मी ज्या गोष्टीचा शोध घेत होते, तीच गोष्ट हाकलून देणारी चाचणी मी मागवली होती.

तिसरी चूक ऋतूची, आणि ती सर्वांत मोठी. पावसाळ्यात त्या कसब्यातील भूजलपातळी साडेतीन-चार मीटरवर येते; जेठात ती सात मीटरपर्यंत खाली जाते. पातळी वर चढते तेव्हा तरंगणाऱ्या पेट्रोलचा बराच भाग वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत थेंबाथेंबाने अडकतो आणि पाण्याखाली कोंडला जातो. वरून मुरणारे नवे पाणी विरघळलेल्या अंशाला पातळ करते. वास ओसरतो. उन्हाळ्यात पातळी उतरली, की अडकलेले पेट्रोल मोकळे होऊन पुन्हा पाण्यावर जमते, आणि नळ ओढतो ते पाणी या थराच्या अधिक जवळचे असते. वास परत येतो.

‘जेठ में महकत है, सावन-भादों में नाहीं.’ भूजलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण अम्मांनी मला एका वाक्यात सांगितले होते. तक्त्यात रकाना नाही म्हणून मी ते टाकून दिले.

वासाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाकाला कळतात ते प्रामुख्याने टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन; ते फार कमी प्रमाणातही जाणवतात. बेंझीनचा वास मात्र पाण्यात त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट झाल्यावरच येतो. याचा अर्थ, वास आला तर नाकावर विश्वास ठेवावा. वास गेला म्हणून मात्र पाणी चांगले झाले असे मानू नये.

त्या फोननंतर आम्ही लगेच गेलो. या वेळी वरिष्ठ सोबत होते. पहिले काम म्हणजे अम्मांच्या नळाच्या दांड्याला लाल रंग लावला आणि ते पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरू नये असे लेखी दिले. अम्मांपुढे उभी राहून माझा अहवाल चुकीचा होता हे सांगणे मला फार जड गेले. त्या रागावल्या नाहीत. “हम तो कहे रहे,” एवढेच म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

मग तपास सुरू झाला. कोणताही आरोप करण्यापूर्वी पर्याय लिहून काढावे लागतात. वास पंपामुळेच येतो असे कशावरून? रस्त्याच्या पलीकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान होते. तिथे डिझेल आणि वापरलेले ऑइल जमिनीवर सांडत असे. पंपाच्या आवारात जनरेटर होता. नळाच्या दट्ट्याला लावलेले ग्रीसही संशयितांच्या यादीत घातले. या साऱ्यांची ओळख वेगवेगळी पटते. वायू-वर्णलेखन यंत्रातून काढलेल्या आलेखात पेट्रोलचे हलके घटक सुरुवातीलाच उमटतात, तर डिझेलची रांग बरीच पुढे, जड घटकांपर्यंत जाते. आलेख पाहून कोणते इंधन आहे, हे सांगता येते.

पंपाच्या डीलरला आम्ही खलनायक मानून गेलो होतो. प्रत्यक्षात तो भेदरलेला माणूस होता. परवाना गेला तर बारा कामगारांचे काय, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत तीनदा विचारले. पण त्याने साठ्याच्या वह्या पुढे ठेवल्या. रोज सकाळी टाकीत डिप रॉड सोडून मोजलेला साठा, आलेला माल आणि झालेली विक्री. हिशोब जुळत होता. म्हणजे नेहमीच्या चढउतारात बसत होता.

इथेच मेख आहे. पेट्रोलचे आकारमान दर अंश सेल्सियसला साधारण ०.१ टक्क्याने बदलते. उन्हात तापून आलेले १०,००० लिटर पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत १० अंशांनी थंड झाले, तर १०० लिटर ‘नाहीसे’ होतात आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. आता सेकंदाला एक थेंब पडणाऱ्या गळतीचा विचार करा. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४ लिटरांहून थोडे अधिक, वर्षाला सुमारे १,५०० लिटर. दिवसाचे चार लिटर शंभर लिटरांच्या चढउतारात सहज लपतात. एकेका दिवसाची वही काही बोलत नाही. पण वर्षभराची तूट एकापुढे एक मांडली, आणि ती सतत एकाच दिशेने झुकत असेल, तर ती वही बोलू लागते. आम्ही दोन वर्षांची बेरीज केली. डिझेलची वजा-अधिक एकमेकांत मिटत होती. पेट्रोलची मिटत नव्हती.

त्यानंतर जमीन. टाक्या आणि नळ्यांचा नकाशा समोर ठेवून, पेट्रोलच्या बाष्पाने पेट घेऊ नये म्हणून ठिणगी न उडवणारी साधने वापरून, हाताने फिरवायच्या ऑगरने आम्ही छिद्रे घेतली. दर अर्ध्या मीटरची माती पिशवीत बंद करून, थोडी ऊब मिळू देऊन, पिशवीतील हवा बाष्पमापकाने तपासली. टाकीशेजारची माती जवळपास निर्दोष निघाली. डिस्पेन्सरकडे जाणाऱ्या नळीच्या बाजूला मात्र काटा वर गेला, आणि खोलीबरोबर वर जातच राहिला. टाकी फुटली असेल, हा आमचा पहिला अंदाज चुकीचा ठरला. गळती नळीच्या एका सांध्यात होती.

मग भूजलाची दिशा. दोन विहिरींतील पातळीवरून दिशा ठरत नाही. किमान तीन लागतात आणि त्या एका रेषेत नसाव्या लागतात. तीन निरीक्षण-विहिरी घेऊन, त्यांच्या तोंडांची उंची एकाच संदर्भबिंदूपासून मोजून, त्रिकोणावर समपातळी रेषा काढली. पाणी पूर्वेकडे, नाल्याच्या दिशेने सरकत होते. मधे अम्मांचे घर. ट्रॅक्टरचे दुकान उताराच्या दुसऱ्या बाजूस होते.

विहिरीत सोडायचा तेल-पाणी मापक खाली जाताना तेल लागले की अखंड आवाज करतो, पाणी लागले की तुटक. पंपाच्या कुंपणालगतच्या विहिरीत तो सात मीटरच्या जरा अलीकडे अखंड वाजला आणि काही सेंटिमीटरनंतर तुटक झाला. तो आवाज मी अनेकदा ऐकला आहे. त्या दिवशीचा विसरले नाही.

काचेच्या कुप्या बर्फात घालून त्याच रात्री लखनौला पोहोचवल्या. आलेख पेट्रोलचा होता. अम्मांच्या नळातील बेंझीन मार्गदर्शक मूल्याच्या अनेक पट होते.

हे किती वर्षे चालले असावे? भूजलाचा वेग अंदाजाने काढता येतो. बारीक वाळूची पारगम्यता दिवसाला १० मीटर, उतार हजारास एक आणि सच्छिद्रता ०.२५ धरली, तर पाणी दिवसाला ४ सेंटिमीटर, वर्षाला सुमारे १५ मीटर सरकते. पस्तीस मीटर पार करण्यास दोन वर्षांहून अधिक. बेंझीन मातीला थोडे चिकटत जात असल्याने त्याला आणखी काही काळ. म्हणजे माझ्या पहिल्या भेटीच्या कितीतरी आधी पेट्रोल त्या नळापर्यंत पोहोचले होते. ते पाणी मी हातात घेतले होते.

सांधा बदलला गेला. तरंगते पेट्रोल उपसले, डिस्पेन्सरखालची माती काढून नेली, उरलेल्या मातीतून बाष्प ओढून घेण्याची यंत्रणा काही महिने चालली. बाकीचे काम जमिनीतील सूक्ष्मजीवांवर सोपवले. ते हे घटक खातात. त्यासाठी आधी पाण्यातील प्राणवायू वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट. म्हणून अशा ठिकाणी पाण्यात अचानक लोह वाढणे ही सुद्धा एक खूण असते. मात्र ‘निसर्ग करील’ असे म्हणून उठून जाता येत नाही. प्रत्येक ऋतूत, विशेषतः जेठात, जाऊन मोजावे लागते. आम्ही जात राहिलो.

या काळात इंधनही बदलले आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाण्यात पूर्णपणे मिसळते आणि सूक्ष्मजीवांना ते बेंझीनपेक्षा अधिक रुचते. गळती झाली, तर ते आधी इथेनॉलवर तुटून पडतात आणि पाण्यातील प्राणवायू त्यातच संपवतात. बेंझीन मागे राहते आणि अधिक दूर जाऊ शकते. इथेनॉल-मिश्रणाच्या आयात आणि उत्सर्जनावरील परिणामांची चर्चा आपण करतो. भूजलाची चर्चाही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

नियमांकडेही याच दृष्टीने पाहावे असे मला वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पेट्रोल पंप शाळा, रुग्णालये आणि निवासी क्षेत्रांपासून ५० मीटर दूर असावा. सूचना चांगली आहे. पण ५० मीटर हे जमिनीवरचे अंतर आहे. वर्षाला १५ मीटर सरकणाऱ्या पाण्याला ते तीन-साडेतीन वर्षांचे अंतर आहे, एवढेच. माझ्या मुलखातील बेसाल्टमध्ये तर हा हिशोबही चालत नाही. तिथे पाणी भेगांतून धावते. जवळची विहीर सुटते आणि दूरची सापडते. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात कूपनलिकांतून पाण्याबरोबर तेल येऊ लागले, तेव्हा जमिनीखालून गेलेल्या तेलवाहिनीच्या गळतीकडे देशाचे लक्ष गेले. तिथेही पहिले मापक-यंत्र होते ते रहिवाशांचे नाक.

२०२५ च्या नियमांत एक तरतूद आहे, जिच्याकडे मी आशेने पाहते. जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित स्थळांची माहिती दर सहामाहीस द्यायची आहे, आणि राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. संशयित स्थळ कशावरून ठरणार? बहुतेक वेळा कोणीतरी कार्यालयात येऊन सांगेल, की पाण्याला वास येतो. त्या क्षणी समोर बसलेल्या माणसाने काय लिहून घेतले, यावर पुढचे सारे अवलंबून असेल. आणि ९० दिवसांची ती मुदत श्रावण-भाद्रपदात पडली, तर? ‘आढळले नाही’ असा शेरा मारून ते स्थळ यादीतून वगळले जाईल, आणि तो शेरा मारणारी व्यक्ती माझ्याइतकीच प्रामाणिक असेल.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगायचे आहे. प्रयोगशाळेचे ‘आढळले नाही’ हे वाक्य नेहमी अपूर्ण असते. कोणत्या पद्धतीने, कोणत्या बाटलीतून, कोणत्या खोलीवर आणि कोणत्या महिन्यात आढळले नाही, हे लिहिल्याखेरीज त्याला अर्थ नाही. आणि ‘आढळले नाही’पासून ‘योग्य आहे’पर्यंत उडी मारण्याची परवानगी कोणतेही यंत्र आपल्याला देत नाही.

त्या आठ महिन्यांचे काय, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. बेंझीनचा परिणाम दिसायचा तर वर्षांनी दिसतो, आणि दिसला तरी तो त्याच पाण्यामुळे, असे एका माणसाच्या बाबतीत कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. ती मुले आता मोठी झाली आहेत. नातू शिक्षक झाला. दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि मी दरवेळी घरातल्या सर्वांची प्रकृती विचारते. मी का विचारते ते त्याला ठाऊक आहे. अम्मा तीन वर्षांपूर्वी वार्धक्याने गेल्या.

आमच्या क्षेत्रीय तक्त्यात त्या वर्षानंतर मी एक रकाना वाढवला. तो ‘वास’च्या शेजारी आहे, आणि वापरणाऱ्यांच्या शब्दांत, त्यांच्याच भाषेत भरायचा असतो. त्याचे शीर्षक आहे, ‘केव्हा?’